पार उतरलेली लिथियम बॅटरी उठवताना या चुका टाळा

"मामा, गाडीत जीवच नाही. मीटरवर शून्य येतंय. नवीन बॅटरी मागवून टाकू का?"

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाच्याचा हा फोन आला. घरचे सगळे पुण्याला गेले होते आणि मोटारसायकल २३ दिवस इंदूरच्या रामबागेतल्या घरी अंगणात उभी होती. बॅटरी लिथियमची, सव्वा वर्षाची. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं सांगून टाकलं होतं, "भिया, धक्का मारो, चालू हो जाएगी." मी म्हटलं, धक्का मारू नकोस, सेल्फ दाबू नकोस आणि घरातला चार्जर तर लावूच नकोस. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेव, संध्याकाळी येतो.

ती बॅटरी आजही गाडीत आहे. त्याच्या तीन वर्षं आधी मी माझी स्वतःची बॅटरी अशीच वाचवायला गेलो होतो आणि ती माझ्या हातानं गेली. दोन्ही गाड्या नुसत्या उभ्या राहून उतरल्या होत्या. एक वाचली आणि एक गेली, त्याची कारणं पुढे लिहितो आहे. इंदूरमध्ये आता बऱ्याच जणांनी वजन कमी म्हणून लिथियम बॅटऱ्या बसवल्या आहेत, पण ती बंद पडली की सगळे तिला जुन्या ॲसिडच्या बॅटरीसारखंच वागवतात.

चूक पहिली: मीटरवरचा आकडा बघून लगेच निकाल लावणं

मोटारसायकलच्या लिथियम बॅटरीत बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचे ३.२ व्होल्ट, म्हणजे चारांचे १२.८. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवली की १३.३ ते १३.४ दाखवते. ॲसिडच्या बॅटरीत १२.८ म्हणजे फुल्ल, पण लिथियममध्ये १२.८ दिसले तर ती जवळजवळ रिकामी झाली आहे असं समजा. एका सेलचे २.५ म्हणजे एकूण १० व्होल्ट ही खालची हद्द. ८ व्होल्टच्या खाली गेली की आत नुकसान सुरू होण्याची भीती असते.

आता शून्याचं बघू. काही बॅटऱ्यांच्या आत बीएमएस नावाचं सर्किट असतं. सेल फार उतरायला लागले की ते आतूनच वाट तोडतं. मग टर्मिनलवर मीटर शून्य दाखवतं, पण आत सेल साडेनऊ-दहा व्होल्टवर शाबूत असतात. काही बॅटऱ्यांमध्ये मात्र सर्किट फक्त सेल समान ठेवण्यापुरतं असतं, खालून तोडण्याची सोय नसते. अशी बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिळली जाते. म्हणून मीटरवर ४ व्होल्ट दिसणं हे शून्य दिसण्यापेक्षा वाईट असू शकतं. भाच्याच्या बॅटरीवर शून्य होतं आणि ती वाचली. माझ्या बॅटरीवर ३.८ होतं, ती दोन महिने तशीच पडलेली होती.

एक बारीक गोष्ट. डिजिटल मीटर इतका कमी करंट घेतो की बीएमएसनं वाट तोडलेली असली तरी एखादा फसवा व्होल्टेज दिसतो. भाच्याच्या बॅटरीवर माझ्या मीटरनं आधी १.९ दाखवले. एक किलोओमचा रेझिस्टर दोन टर्मिनलना टेकवला आणि आकडा धाडकन शून्यावर आला. खरोखर सेलमध्ये १.९ असते तर तो तिथेच टिकला असता. दोन रुपयांचा रेझिस्टर, पण झोपलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांतला फरक त्यानं दाखवला.

एकूण आकड्यावर फार विसंबूही नका. ८ व्होल्ट म्हणजे प्रत्येक सेलचे दोन-दोनच असतील असं नाही. तीन सेल बरे आणि एक पार शून्यावर, असंही होतं. बॅटरीला बॅलन्सची वेगळी पिन, म्हणजे आतल्या प्रत्येक सेलपासून बाहेर आलेली जोडणी, असेल तर प्रत्येक सेल मोजा.

चूक दुसरी: घरातला जुना चार्जर लावणं

ॲसिडच्या बॅटरीच्या बऱ्याच स्मार्ट चार्जरमध्ये 'रिपेअर' किंवा डिसल्फेशनचा मोड असतो. प्लेटवर जमलेलं लेड सल्फेट सुटावं म्हणून तो जास्त व्होल्टेजचे झटके देतो, १५-१६ आणि काहींमध्ये त्याहूनही वर. लिथियममध्ये लेड नाही, सल्फेट नाही, त्यामुळे त्या झटक्यांना सुधारण्यासारखं काही सापडत नाही. ते फक्त सेलवर आणि बीएमएसवर बसतात. लिथियमची वरची हद्द १४.४ ते १४.६. काही चार्जर हा मोड न विचारता आपोआप सुरू करतात, म्हणून "मी तर साध्या मोडवर लावला होता" या भरवशावर राहू नका. ज्यावर लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचा मोड स्पष्ट लिहिलेला आहे तोच चार्जर वापरा.

चूक तिसरी: चार्जरला फसवण्यासाठी दुसरी बॅटरी जोडणं, किंवा धक्का

बॅटरी फार उतरलेली असेल तर चार्जर तिला ओळखतच नाही, दिवा लुकलुकतो आणि बंद होतो. मग बरेच जण एक चांगली बॅटरी समांतर जोडतात, म्हणजे चार्जरला १२ व्होल्ट दिसतात आणि तो सुरू होतो. मी हेच केलं होतं. स्कूटरची ॲसिडची बॅटरी, दोन वायरी, अर्धा तास. यात करंटवर कुणाचाच ताबा नसतो. लिथियमचा आतला रेझिस्टन्स फार कमी, त्यामुळे ती मिळेल तेवढा करंट एकदम ओढून घेते आणि नेमक्या त्या वेळी तिचे सेल सर्वात नाजूक असतात.

धक्का मारण्याचंही तेच. गाडी चालू झालीच तर स्टेटरमधून, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या भागातून, येणारा सगळा करंट त्या रिकाम्या बॅटरीत जातो. सेल तापतात, ती वीज बॅटरीजोगी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर तापतो, त्याचा कनेक्टर वितळलेला मी पाहिला आहे. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप आणि ईसीयूला (इंजिनाचा छोटा संगणक) पुरेसे व्होल्ट नसतील तर धक्का मारूनही ती चालू होत नाही, दम मात्र जातो. रस्त्यात अडकलात आणि जंप देणं, म्हणजे कारच्या बॅटरीतून वीज घेऊन गाडी चालू करणं, भागच असेल तर कारचं इंजिन बंद ठेवून द्या, आणि घरी पोचताच बॅटरी काढून नीट चार्ज करा.

उठवायची कशी

यासाठी खरं साधन म्हणजे बेंच पॉवर सप्लाय, ज्यात व्होल्टेज आणि करंट दोन्ही आपल्याला बांधता येतात. इंदूरला जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. आपल्याकडे नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे असतोच.

आम्ही बॅटरी गाडीतून पूर्ण बाहेर काढली. दहा नंबरचा पाना, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. घरात न ठेवता अंगणात फरशीवर ठेवली, आजूबाजूला पायपुसणं, पुठ्ठा काही नाही. चारही बाजूंनी पट्टी लावून पाहिली, कुठे फुगवटा आहे का. नाकानं वास घेतला. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर तिथेच थांबायचं, पुढे काही करायचं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट इतर लिथियमपेक्षा शांत आहे हे खरं, पण सेल फुटला तर त्यातून निघणारा वायू पेट घेऊ शकतो आणि विषारीही असतो.

सप्लायवर १४.४ व्होल्ट लावले. दोन्ही क्लिप एकमेकींना टेकवून करंट ०.२ अँपिअरवर बांधला. बॅटरी खऱ्या ४ अँपिअर-अवरची (हा आकडा कसा काढला ते पाचव्या चुकीत येईल), म्हणजे क्षमतेच्या विसाव्या हिश्श्यानं सुरुवात. लाल-काळं दोनदा तपासून क्लिप लावल्या. क्षणभर काही नाही, मग सप्लायच्या पडद्यावर १०.८ आले. बीएमएसनं वाट उघडली होती. भाचा नवीन बॅटरीची पानं बघत बसला होता, त्यानं मोबाइल खाली ठेवला.

या टप्प्यावर बॅटरीला हात लावत राहा. इतक्या कमी करंटला ती कोमटसुद्धा व्हायला नको. आकडा भराभर चढायला हवा, कारण या खालच्या भागात साठा फारच थोडा असतो. आमचा वीस मिनिटांत १२.४ वर गेला. तासभर होऊनही आकडा ९ च्या आसपास अडकला असेल, किंवा एखादी बाजू गरम लागत असेल, तर एखादा सेल आतून शॉर्ट आहे. क्लिप काढा.

१२.५ ओलांडल्यावर करंट ०.४ केला. रात्री साडेदहाला चार्जिंग बंद केलं, कारण अशी बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, उरलेलं सकाळी पूर्ण केलं. एवढा वेळ देण्याची तयारी नसेल तर हात घालू नये, कारण घाईत करंट वाढवावासा वाटतोच.

मे महिन्यात हेच काम करणार असाल तर पहाटे करा. इंदूरला दुपारी चाळीसच्या वर पारा जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करू नये. थंडीची अडचण आपल्याकडे नाही, पण लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की शून्याखाली चार्ज केलं तर सेलच्या आत धातूरूपी लिथियमचा थर बसतो आणि तो परत जात नाही.

चूक चौथी: चार्ज झाली म्हणजे बरी झाली असं मानणं

माझी चूक इथे सर्वात मोठी होती. माझी बॅटरीही चार्ज झाली होती. संध्याकाळी १३.३ दाखवत होती, सेल्फ खणखणीत लागला, मी इंदूरजवळच्या जाम गेटपर्यंत जाऊनही आलो.

सेलच्या आत निगेटिव्ह बाजूला तांब्याची पातळ फॉइल असते. सेल शून्याजवळ जाऊन पडून राहिला की हे तांबं विरघळून आतल्या द्रवात उतरतं. नंतर चार्ज केलं की तेच तांबं भलत्या जागी, सुईसारखं जमतं आणि मधल्या पडद्यातून पलीकडे पोचू शकतं. त्या दिवशी बॅटरी धडधाकट वाटते, आतून मात्र ती हळूहळू स्वतःलाच खात असते. दोन दिवसांनी माझ्या बॅटरीवर १२.१ होते. मी ते बघूनही पुन्हा चार्जिंगला लावली. अर्ध्या तासानं पाहिलं तर डब्याच्या दोन्ही बाजू पोटासारख्या पुढे आलेल्या आणि वर हात ठेवता येत नव्हता. घरात लहान मुलं होती. आजही ते आठवलं की मला कसंतरी होतं.

म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर गाडीत बसवू नका. वायरी न लावता सुटी ठेवा. २४ तासांनी मोजा, मग तिसऱ्या दिवशी मोजा. भाच्याची २४ तासांनी १३.३४ होती आणि तिसऱ्या दिवशी १३.३३. हे उत्तम. १३.२ च्या खाली घसरत असेल तर मी ती गाडीत घालणार नाही. आणि जी बॅटरी खरोखर ६ व्होल्टच्या खाली जाऊन काही आठवडे पडली होती, ती मी आता उठवायलाच घेत नाही, कितीही महाग असली तरी.

अशी गेलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, कचऱ्याच्या पिशवीत तर मुळीच टाकू नका. कचरागाडीत दाबली गेली की पेटू शकते. टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि विक्रेत्याला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तसं सांगून द्या. कचरागाडीत द्यायचीच असेल तर ई-कचरा म्हणून वेगळी, आत लिथियम आहे असं तोंडानं सांगून, कचरा नेणाऱ्या दादांच्या हातात द्या.

चूक पाचवी: उतरली का, हे न शोधणं

भाच्याच्या बॅटरीवर मोठ्या अक्षरांत १२ अँपिअर-अवर असं लिहिलं होतं. तो आकडा ॲसिडच्या बॅटरीशी तुलनेचा आहे, म्हणजे सेल्फ मारण्याची ताकद तेवढी. खरा साठा बाजूला बारीक अक्षरांत वॉट-अवरमध्ये असतो. तिथे ५१ होते. त्याला १२.८ नं भागा, ४ अँपिअर-अवर येतात.

मग निगेटिव्ह वायरमध्ये मीटर लावून, चावी बंद ठेवून, गाडी किती करंट पिते ते मोजलं. आधी दहा अँपिअरच्या सॉकेटवर मोजा, मग मिलिअँपिअरवर या, आणि मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, नाही तर मीटरचा फ्यूज उडतो. १८ मिलिअँपिअर निघाले. ४ अँपिअर-अवरला १८ मिलिअँपिअर म्हणजे साधारण २२२ तास, सव्वानऊ दिवस. गाडी २३ दिवस उभी होती. जीपीएस ट्रॅकरचा फ्यूज काढला आणि आकडा दीडवर आला. तेवढ्यावर तीच बॅटरी साडेतीन महिने पुरली असती.

गाडी चालू करून चार-पाच हजार आरपीएमवर टर्मिनलवरचा व्होल्टेजही पाहिला, १४.२. तो १३.८ ते १४.६ मध्ये हवा. १४.८ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बदला, नाही तर नवी बॅटरीही तशीच जाईल.

ट्रॅकर काढून टाकायला भाचा तयार नव्हता आणि त्याचंही बरोबर आहे, गाडी अंगणातच असते. आम्ही ट्रॅकरच्या वायरीत फ्यूजच्या पुढे एक छोटा स्विच सीटखाली बसवला. ट्रॅकर चालू ठेवूनच गावाला जायचं असेल तर शेजारच्या काकांनी आठवड्यातून एकदा लिथियमचा चार्जर लावायचा, त्यासाठी बॅटरीपासून एक प्लग बाहेर काढून ठेवला आहे.