बेसमेंटमधले वायरलेस सीओ सेन्सर: या चुका टाळा

इंदूरच्या व्यापारी संकुलांच्या बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूचे सेन्सर बसवणं आणि दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. वायरलेस आल्यापासून केबल ओढायची कटकट गेली, आणि दोन स्क्रू मारले की काम झालं असं नव्या पोरांना वाटू लागलं. त्याच त्या चुका दर महिन्याला बघतोय, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सिग्नल तुटला तरी पडद्यावर जुना आकडा तसाच राहू देणं.

दोन हिवाळ्यांपूर्वी विजय नगरातल्या एका संकुलाच्या पार्किंगमधून चौकीदाराचा फोन आला. ‘भिया, शाम होते ही सिर भारी हो जाता है।’ ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नव्हतं, कारण पॅनेलवर सगळे दिवे हिरवे आणि आकडा 4 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे फक्त 4. मी हातातला मीटर घेऊन खाली उतरलो. संध्याकाळी साडेसातची वेळ, रॅम्पवर गाड्यांची रांग, सगळ्यांची इंजिनं चालू. मीटर 60 वर गेला, मग 80 वर. वर पॅनेलवर अजून 4. शोधत गेलो तर खांबावरच्या बोर्डात रिपीटरच्या, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पुढे पोचवणाऱ्या डबीच्या, प्लगच्या जागी कोणाचातरी मोबाइलचा चार्जर खोचलेला, आणि रिपीटरची वायर खाली लोंबत होती. नऊ दिवस त्या बाजूच्या तिन्ही सेन्सरचा एकही निरोप वर पोचला नव्हता. सॉफ्टवेअर शेवटचा आकडा दाखवत राहिलं, आणि एक्झॉस्टचे पंखे त्याच आकड्यावर चालणारे असल्यामुळे तेही बंद. या वायूला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी तो हिमोग्लोबिनला चिकटतो. तो माणूस तिथे बारा तास बसत होता.

सेन्सरचा ठरलेला निरोप आला नाही की पॅनेलवर फॉल्ट वाजलाच पाहिजे आणि त्या भागाचे पंखे आपोआप पूर्ण वेगाने सुरू झाले पाहिजेत. काम सोपवण्याआधी मी एका सेन्सरची बॅटरी काढतो आणि घड्याळ लावून पॅनेलसमोर बसतो. पाच मिनिटांत फॉल्ट वाजला नाही, तर कागदावर सही नाही. मग रिपीटर बंद करून बघतो, मग गेटवे, म्हणजे सगळे सिग्नल गोळा करून पॅनेलला देणारी पेटी. ठेकेदार घाई करतात, चहा पाजून उठवायला बघतात, पण मी उठत नाही. रिपीटरला प्लग तर देऊच नका, थेट वायरिंग करून डबी बंद करा.

बॅटरी वाचवण्यासाठी निरोपाचं अंतर अर्ध्या तासावर नेणारे लोकही मला भेटलेत. एका रांगेत बेसमेंटची हवा दहा मिनिटांत बिघडते. पातळी ओलांडताच सेन्सरने त्याच क्षणी कळवलं पाहिजे. बॅटरी लवकर संपली तर बदला, ती काय सोन्याची आहे?

दुसरी चूक रिकाम्या बेसमेंटमध्ये रेंज तपासण्याची. रविवारी सकाळी सगळीकडे सिग्नल भरलेला दिसतो. शनिवारी संध्याकाळी दीडशे गाड्यांचा पत्रा मध्ये उभा राहतो, लिफ्टच्या भिंतीचं काँक्रीट आणि डक्ट असतातच, आणि अर्ध्या सेन्सरचा सिग्नल तुटतो. मी दिवाळीआधीच्या एका शनिवारी पुन्हा जाऊन बघतो. त्या दिवशी टिकलं तर वर्षभर टिकतं.

उंचीचा घोळ वेगळाच. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ. तेच डोक्यात ठेवून कोणी सीओ सेन्सर फूटभर उंचीवर बसवतं, कोणी स्मोक डिटेक्टरसारखा छताला. सीओचा रेणुभार 28, हवेचा सरासरी 29. तो हवेत मिसळून राहतो. पार्किंगमध्ये जमिनीपासून दीड मीटर, म्हणजे माणसाच्या नाकाच्या आसपास, ताज्या हवेच्या झोतापासून लांब, आणि गाडी घासू नये म्हणून बाहेरून जाळी.

घरगुती अलार्म पार्किंगला लावू नका, तो 70 पीपीएमला वाजायला एक ते चार तास घेऊ शकतो. टेस्टचं बटण फक्त बझर आणि सर्किट तपासतं, सेन्सर तपासायचा तर प्रमाणित गॅस सोडावाच लागतो. 915 मेगाहर्ट्झचे सेन्सर स्वस्तात मिळाले म्हणून आणू नका, आपल्याकडे विनापरवाना रेडिओ पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झ आहे. यूपीएसच्या बॅटरी रूमजवळ खोटे अलार्म येत असतील तर चार्जिंगचा हायड्रोजन बघा, सेन्सर त्यालाही सीओ समजू शकतो. रंगकाम आणि सिलिकॉनचं काम संपल्यावरच सेन्सर लावा. सेन्सरमधला वायू ओळखणारा इलेक्ट्रोकेमिकल सेल साधारण पाच ते सात वर्षं चालतो, म्हणून बसवल्याची तारीख मी डबीवरच मार्करने लिहितो.

आणि नकाशात असो वा नसो, एक सेन्सर मी चौकीदाराच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर लावतो. त्याचा हूटर तिथेच, त्याला ऐकू येईल असा.