डब्लिनमध्ये कचऱ्याची कंपनी निवडताना: बिनचा हिशोब कसा मांडायचा

भारतात कचऱ्याचं बिल सहसा वेगळं दिसत नाही. सकाळी घंटागाडी येते आणि पैसे मालमत्ता करातून नाहीतर सोसायटीच्या मेंटेनन्समधून जातात. आयर्लंडमध्ये घर भाड्याने घेतलं की पहिल्याच आठवड्यात कळतं, इथे कचरा उचलणारी कंपनी आपणच शोधायची आणि दरही आपणच बघायचे. डब्लिन सिटी कौन्सिलने २०१२ च्या जानेवारीत घरोघरचा कचरा उचलणं सोडलं आणि ते काम ग्रेहाउंड कंपनीकडे गेलं. तेव्हापासून एकाच गल्लीत सोमवारी एका कंपनीचा ट्रक आणि बुधवारी दुसरीचा, असं दृश्य नेहमीचं आहे. शेजारचे ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच आपणही जावं असं काही नाही.

त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर निवड बहुधा तुमच्या हातात नाही. तिथे मॅनेजमेंट कंपनीच सगळ्या इमारतीसाठी कंत्राट करते आणि खर्च सर्व्हिस चार्जमध्ये धरते. स्वतंत्र किंवा ओळीतल्या घरात भाडेकरू असाल तर लीज वाचा. तिथे बहुतेक वेळा बिन भाडेकरूच्या नावावर असतात. दारात आधीच्या भाडेकरूचे बिन उभे असले म्हणून ते आपले होत नाहीत. ते त्या कंपनीच्या मालकीचे असतात, दुसऱ्या कंपनीचा ट्रक त्यांना हात लावत नाही, आणि खातं बंद झालेलं असेल तर त्याच कंपनीचा ट्रकही ते तसेच सोडून जातो.

बिन तीन. ब्लॅक बिन, काही कंपन्यांचा राखाडी असतो, तो उरलेल्या कचऱ्याचा. ग्रीन बिन रिसायकलिंगचा, ब्राऊन बिन अन्न आणि बागेच्या कचऱ्याचा. चाकाच्या बिनचे नेहमीचे आकार २४० लिटर आणि १४० लिटर. २०२४ सुरू झाल्यापासून कचरासेवा घेणाऱ्या प्रत्येक घराला ब्राऊन बिन देणं कंपनीवर बंधनकारक आहे, त्यामुळे "तुमच्या भागात ब्राऊन मिळत नाही" हे उत्तर आता चालवून घेऊ नका.

दर विचारायला वेबसाइटवर एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड, टाकावा लागतो, कारण भागानुसार दर बदलतात. डब्लिनमध्ये पांडा, ग्रेहाउंड, थॉर्नटन्स ही नावं समोर येतील; कॉर्कला कंट्री क्लीन दिसेल. पांडा आणि ग्रीनस्टार ही दोन्ही नावं बोपार्क या एकाच समूहाची आहेत, तेव्हा दोन नावं दिसली म्हणजे दोन मालक असं धरू नका. नाव अगदीच अनोळखी असेल तर कंपनीचा परमिट नंबर घ्या आणि नॅशनल वेस्ट कलेक्शन परमिट ऑफिसच्या यादीत तपासा. जुना सोफा स्वस्तात नेतो म्हणणाऱ्या व्हॅनवाल्याच्या बाबतीत तर हे आधी करा. त्याने तो डोंगरात नेऊन टाकला आणि त्यात तुमच्या नावाचं पाकीट सापडलं, तर विचारणा तुमच्याकडे होते.

आता दर. २०१७ पर्यंत बऱ्याच कंपन्या वर्षाला एक ठरावीक रक्कम घेत आणि हवा तेवढा कचरा उचलत. सरकारने ती पद्धत २०१७-१८ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद केली, म्हणजे जास्त टाकेल त्याने जास्त भरावं. पण दर किती असावा हे सरकार ठरवत नाही. प्रत्येक कंपनीने आपापला साचा काढला आणि तुलना इथेच अडते. साचे मुळात तीन आहेत. एकात वार्षिक स्थिर आकार, शिवाय प्रत्येक लिफ्टचे पैसे, शिवाय किलोचे पैसे. लिफ्ट म्हणजे ट्रकने बिन एकदा उचलून रिकामा करणं. दुसऱ्यात स्थिर आकार आणि फक्त लिफ्टचे पैसे, वजन कितीही असो. तिसऱ्यात महिन्याची ठरावीक रक्कम, तिच्यात ठरावीक किलोपर्यंत सूट आणि वर गेलं की किलोमागे दंडासारखा दर.

जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो बाजूला ठेवा आणि आधी आपला कचरा मोजा.

मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. पिशवी हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग पिशवी खाली ठेवून पुन्हा, आणि वजाबाकी. चार आठवडे ब्लॅक आणि ब्राऊनचे आकडे फ्रिजवरच्या कागदावर लिहा. एकाच आठवड्यावर जाऊ नका. घरी पाहुणे असतील किंवा आंब्याच्या पेट्या आल्या असतील तर तो आठवडा फसवतो. रोज भाजी-पोळी होणाऱ्या घरात ओला कचरा इथल्या सरासरी घरापेक्षा जड निघतो: साली, देठ, चहाचा चोथा, कोयी. ज्या कंपनीची सूट पाकीटबंद जेवण गरम करणाऱ्या घराला भरपूर होते, ती आपल्याला पुरेलच असं नाही.

हिशोब कसा उलटतो ते आकड्यांत बघा. दर नमुन्याचे आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. कंपनी अ वर्षाला १०० युरो, ब्लॅकच्या लिफ्टला ४ युरो आणि किलोला ३० सेंट, ब्राऊनच्या लिफ्टला २ युरो आणि किलोला २० सेंट घेते, ग्रीन फुकट. कंपनी ब वर्षाला १४० युरो, ब्लॅकची लिफ्ट ११ युरो, ब्राऊनची ३ युरो, ग्रीनची ८० सेंट. वजनाचे पैसे नाहीत. कंपनी क महिन्याला २९ युरो, म्हणजे वर्षाला ३४८. त्यात सगळ्या लिफ्ट आल्या, ब्लॅकमध्ये महिन्याला ४० किलोपर्यंत सूट, वरच्या किलोला ३५ सेंट.

चौघांचं घर धरा. वर्षाला ब्लॅकमध्ये २१६ किलो, ब्राऊनमध्ये ३१२ किलो. ब्लॅक महिन्यातून एकदा बाहेर, ब्राऊन आणि ग्रीन दर पंधरवड्याला. अ चे होतात ३२७ युरो २० सेंट, क चे ३४८, ब चे ३७० युरो ८० सेंट. म्हणजे अ स्वस्त आणि ब सगळ्यात महाग. आता तेवढाच कचरा, पण बिन गच्च भरल्याशिवाय बाहेर काढायचा नाही असं ठरवलं: ब्लॅक दोन महिन्यांतून एकदा, ब्राऊन आणि ग्रीन चार आठवड्यांनी. ब चे २५५ युरो ४० सेंट, अ चे २७७ युरो २० सेंट, क जागच्या जागी ३४८. एक किलोही कमी न करता क्रम बदलला. लिफ्ट-दराच्या कंपनीत अर्धा बिन बाहेर काढण्याची सवय म्हणजे शुद्ध नुकसान.

यातली गोम ब्राऊन बिनमध्ये आहे. डिसेंबरात चार आठवडे तो निमूट उभा राहतो, जुलैत अळ्या होतात. म्हणून लिफ्ट-दराचा हिशोब करताना उन्हाळ्याचे तीन महिने ब्राऊन पंधरवड्यानेच धरा. मासळीचे काटे, कोळंबीची सालं उचलायच्या आदल्या रात्रीपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवली की निम्मा त्रास जातो. चोथा पिळून टाका. किलोच्या दराच्या कंपनीत तुम्ही पाण्याचेही पैसे भरता.

पाण्यावरून आठवलं, झाकण. बिन इतका भरायचा की झाकण बंद होत नाही, हा सगळ्यात महागडा आळस. एकतर ट्रकवाले तो उचलत नाहीत, नाहीतर जास्तीचा आकार लागतो, आणि डब्लिनचा पाऊस रात्रभर आत पडला की सकाळी तो कचऱ्यात मोजला जातो. ट्रक बिन उचलताना आणि रिकामा करून ठेवताना वजन घेतो आणि फरक तुमच्या खात्यावर टाकतो. खातं कोणाचं हे बिनवरच्या चिपवरून कळतं.

ब्राऊन न वापरता सगळं ब्लॅकमध्ये टाकलं तर? तेच घर, ५२८ किलो, पंधरवड्याला एक लिफ्ट. अ चे ३६२ युरो ४०, क चे ३६४ युरो ८०, ब चे ४४६ युरो ८० सेंट. ओला-सुका वेगळा करण्याने इथे ब कंपनीत ७६ युरो वाचतात, क कंपनीत १७ सुद्धा नाहीत. क सारखा साचा वेगळं करणाऱ्याला फारसं काही परत देत नाही. मग तो घ्यायचाच नाही का? घरात डायपरची दोन मुलं असतील तर घ्यावा. डायपर जड, आणि ते ब्लॅकशिवाय कुठेच जात नाहीत. एकट्याने राहणाऱ्याला आणि वर्षातले दोन महिने भारतात जाणाऱ्याला मात्र तो अजिबात परवडत नाही.

ब्लॅक महाग का, याचं कारण ट्रकच्या पुढे आहे. डब्लिनचा बराचसा ब्लॅक कचरा पूलबेगच्या भट्टीत जाळला जातो आणि तिथे कंपनीला टनावर पैसे मोजावे लागतात. सप्टेंबर २०२३ पासून त्यावर टनाला १० युरो सरकारी अधिभारही आहे. हा अधिभार किलोला एक सेंट पडतो. "सरकारी अधिभारामुळे दरवाढ" असं पत्र आलं तर वाढ किलोला किती, ते या एका सेंटशी ताडून बघा.

ग्रीन बिन कायम फुकट राहील असंही धरू नका. २०१८ मध्ये चीनने बाहेरचा प्लॅस्टिक कचरा घेणं थांबवल्यावर पांडाने ग्रीनलाही आकार लावला. कोटेशन घेताना तिन्ही बिनचे दर लिहून घ्या. ग्रीनमध्ये जाणारी वस्तू स्वच्छ, कोरडी आणि सुटी हवी. काळ्या पिशवीत बांधून टाकली तर आत काय आहे हे कोणी बघत नाही आणि बिन दूषित ठरतो, त्याचा वेगळा आकार लागू शकतो. तो किती हेही विचारा. मऊ प्लॅस्टिक, म्हणजे ब्रेडची पिशवी, डाळीचं पाकीट, सप्टेंबर २०२१ पासून ग्रीनमध्ये चालतं, पण आतलं पीठ झटकून. काच चालत नाही. लोणच्याची बरणी धुऊन बॉटल बँकेत, म्हणजे काच जमा करायच्या सार्वजनिक पेटीत. पेयाच्या प्लॅस्टिक बाटल्या (दुधाच्या सोडून) आणि कॅन तर बिनमध्ये टाकूच नका: फेब्रुवारी २०२४ पासून त्यांवर ५०० मिलिलिटरपर्यंत १५ सेंट आणि त्यावर २५ सेंट अनामत असते. न चेपता दुकानातल्या यंत्रात घाला, पैसे परत मिळतात. निर्माल्य ब्राऊनमध्ये, पण हाराचा दोरा आणि जरीची पट्टी काढून. तळणीचं तेल सिंकमध्ये नाही. बाटलीत भरून रिंगसेंड किंवा बॅलीमाउंटसारख्या रिसायकलिंग केंद्रावर.

कंपनीला फोन कराल तेव्हा विचारायचं थोडंच आहे. पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर दर काय? करार बारा महिन्यांचा का, मध्येच घर सोडलं तर काय? बिन पोचवण्याचे आणि परत नेण्याचे पैसे? एका बिनला वजनाची कमाल मर्यादा? महिन्याची न वापरलेली सूट पुढे जाते का? सांगितलेला दर व्हॅट धरून आहे ना? उत्तरं ईमेलवर मागा. फोनवरून किंवा वेबसाइटवरून केलेल्या करारातून १४ दिवसांत बाहेर पडण्याचा हक्क ग्राहक कायद्याने दिलेला आहे. मधल्या काळात तुमच्या सांगण्यावरून बिन उचलला असेल तर तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात.

पहिले तीन महिने ऑनलाइन खात्यात तारीख आणि वजन बघत राहा. बिन बाहेरच काढला नव्हता त्या दिवशी लिफ्ट लागलेली दिसते, किंवा १४ किलोच्या जागी ४१. पहिल्यात तुमच्या बिनची दुसऱ्याच्या बिनशी अदलाबदल झालेली असू शकते, कारण सारखे दिसणारे बिन ट्रकवाले फुटपाथवर कुठेही ठेवून जातात; घराचा नंबर रंगाने ठळक लिहा. दुसऱ्यात पाऊस, नाहीतर रात्रीतून कोणीतरी टाकलेली पिशवी. बिन रात्री उशिरा बाहेर काढा आणि ट्रक गेल्यावर लगेच आत घ्या. तक्रार करताना तारीख, लिफ्टचं वजन आणि घरी मोजलेला आकडा एकत्र पाठवा. नुसतं "बिल जास्त आलं" लिहिलं तर ठरीव उत्तर येतं.

कंपनी बदलताना क्रम चुकवू नका. नव्या कंपनीचे बिन दारात येऊ द्या, मग जुन्या कंपनीला लेखी कळवा, खात्यातली आगाऊ शिल्लक परत मागा आणि आपोआप रिचार्ज होणारं डायरेक्ट डेबिट बँकेतून थांबवा. जुने बिन शेवटच्या लिफ्टनंतर रिकामेच ठेवा. भरलेला बिन ते नेत नाहीत, किंवा नेऊन एका लिफ्टचं बिल लावतात. बिन न्यायला येणार त्या सकाळी तिन्हींचा फोटो घ्या, झाकण उघडं आणि बिनवरचा नंबर दिसेल असा.