जुन्या चिपरची पाती बदलताना: आधी चकती अडवा, मग बोल्टला हात लावा

चिपरमधून, म्हणजे फिरत्या चकतीवरच्या पात्यांनी फांद्या बारीक करणाऱ्या यंत्रातून, सुटे, एकसारखे तुकडे पडायचे सोडून लांबलचक रेशे आणि भुसा यायला लागला, फांदी आपणहून आत ओढली जाईना, ढकलावी लागू लागली, तर पात्यांची धार गेली आहे. इंजिनाला दोष देऊ नका आणि 'अजून एक हंगाम काढू' असंही म्हणू नका. बोथट पात्यांमुळे बेल्ट, बेअरिंग आणि तुमचे खांदे, तिन्हींवर फुकटचा ताण येतो.

बोल्ट सोडवायचे पाने, हातमोजे, नवी पाती, नवे बोल्ट-नट हे सगळं हाताशी आहे असं धरून चालतो. पाती मात्र पूर्ण संचच घ्या. एकच नवं घातलं तर वजनात फरक पडतो आणि चकती थरथरायला लागते.

आधी मशीन बंद करा. किल्ली काढून खिशात टाका. पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढून वायर लांब बांधून ठेवा. जुन्या इंजिनांना मॅग्नेटो असतो, तो फिरला की ठिणगीची वीज स्वतःच तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. तुम्ही हाताने चकती फिरवली आणि बेल्टमधून इंजिनही फिरलं, तर ते एखादा ठोका देऊ शकतं. डिझेल असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा, ट्रॅक्टरवरचं असेल तर पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद चिपरला देणारा दांडाच काढा, विजेवरचं असेल तर प्लग उपसा. मग थांबा. इंजिन बंद झालं तरी जड चकती बराच वेळ फिरत राहते. आवाज थांबला म्हणजे ती थांबली असं नाही, डोळ्यांनी खात्री करूनच झाकण उघडा.

आता चकती अडवायची. हा टप्पा बहुतेक जण उरकून टाकतात आणि बोटं तिथेच जातात. पात्याखाली लाकडाचा ठोकळा सारला की झालं, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. ठोकळा दाबला जातो, निसटतो, आणि बोल्ट सुटतानाच्या झटक्याला तर हमखास निसटतो. बऱ्याच मशीनमध्ये चकतीभोवतीच्या लोखंडी घरात (कवचात) आणि चकतीत समोरासमोर भोक असतं, त्यात लॉक पिन बसते. जुन्या मशीनमध्ये ती पिन हरवलेलीच असते आणि भोक भुशाने बुजलेलं असतं. ते कोरून काढा आणि भोकात घट्ट बसेल अशा जाडीचा पोलादी बोल्ट घाला. भोकच नसेल तर चकतीला पट्ट्याने दोन्ही दिशांनी घराला बांधा, ठोकळा लावायचाच असेल तर तो पट्ट्याच्या जोडीला. एक पातं निघालं की चकतीचा तोल जातो आणि जड बाजू आपोआप खाली येते, म्हणून मधल्या वेळातही पिन काढायची नाही. पुढच्या पात्याकडे जाताना चकती फिरवावी लागेल, तेव्हा हात बाहेर, पिन बाहेर, चकती फिरवा, पिन आत, आणि मगच हात आत. मदतीला कोणी असेल तर त्याला चकतीला हात लावू देऊ नका. फिरवणारा आणि आत हात घालणारा एकच माणूस असावा.

उघड्या धारेवर रबरी पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवा. बोथट पातंही कातडं सहज फाडतं.

आता बोल्ट. या कामात सगळ्यात जास्त घाम मी इथेच गाळला आहे. पात्याचे बोल्ट बहुधा खोलगट डोक्याचे असतात, अ‍ॅलन की बसणारे, आणि त्या खळग्यात चीक आणि भुसा दाबून दगड झालेला असतो. तो साफ न करता की घातली तर ती अर्धीच बसते, मग कोपरे गोल होतात आणि दुपार वाया जाते. टोकदार सुईने किंवा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने तळ दिसेपर्यंत कोरा, की घालून हातोडीने हलके ठोका, ती तळाला टेकली की आवाज बदलतो. मागे नट असेल तर डोकं नुसतं धरून ठेवा आणि नट फिरवा. नटासाठी सहा कोनी गोटी (सॉकेट) वापरा, बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते.

गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारा. दहा मिनिटांत चमत्कार होत नाही. सकाळी आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सैल करा. उलट्या दिशेने केसभर हललं तरी गंजाची पकड तुटते. तरीही बोल्ट हलला नाही तर इम्पॅक्ट रेंच, म्हणजे झटके देत फिरवणारा यांत्रिक पाना. कीवर लांब पाइप चढवून लटकू नका: की मोडली तर तुमचं अख्खं वजन थेट पात्यावर जातं. पाना कुठल्या बाजूला सुटेल हे आधी बघा आणि सुटल्यावर हात धारेपासून लांब जाईल असे उभे राहा. पाना मुठीत आवळण्यापेक्षा शक्य तिथे उघड्या तळव्याने ढकला.

टॉर्चने तापवणं हा शेवटचा उपाय, आणि तो नटावर, पात्यावर नाही. पातं पिवळसर, मग निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, त्याला परत धार टिकत नाही. टाकूनच द्यायचं असेल तर ती चिंता नाही. पण भोवतीचा भुसा आणि तेल पेट घेतं, तेव्हा आधी दोन्ही पुसून काढा. तापवलेला बोल्ट परत वापरू नका.

बोल्ट निघाले की पातं उचला. बसण्याची जागा वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, कारण खाली भुशाचा एक कण राहिला तरी पातं तिरकं बसतं.

नव्या पात्यासाठी नवे बोल्ट घ्या, जुन्याच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा जो आकडा कोरलेला असेल त्याच दर्जाचे. नायलॉनच्या कड्याचा नट एकदा काढला की त्याची पकड कमी होते, तोही नवा. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पुस्तिकेत असेल तोच द्या. आट्यांना तेल लावून कोरड्या आट्यांसाठीचा आकडा वापरलात तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

पाती आवळली की समोरच्या स्थिर पात्याशी, म्हणजे अ‍ॅन्व्हिलशी, असलेली फट मोजा. पुस्तिका नसेल तर लहान चिपरमध्ये साधारण दीड ते तीन मिलिमीटर धरा. प्रत्येक पातं अ‍ॅन्व्हिलसमोर आणा, पिन घाला आणि दोन्ही टोकांना फीलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पट्टी, सारा. एका टोकाला गेज सहज जातो आणि दुसऱ्या टोकाला अडकतो, तर पात्याखाली घाण आहे किंवा अ‍ॅन्व्हिलच झिजलंय. अ‍ॅन्व्हिलची कड गोल झाली असेल तर ते उलटं फिरवा, अनेकांना एकाहून जास्त कडा असतात. हे सोडून नुसती पाती बदलणाऱ्यांना मशीन पूर्वीइतकंच रेशे काढताना दिसतं, आणि ते नव्या पात्यांना शिव्या देतात.

पिन आणि पट्टे काढा, हाताने चकती दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे खरखर झाली तर तिथेच थांबा. झाकण बंद, वायर जागेवर, तोंडासमोरून बाजूला उभे राहून कमी वेगात चालू करा. थरथर जाणवली तर लगेच बंद. नाहीतर तासभर काम करून, परत सगळं पहिल्यापासून बंद करून, पिन घालून, बोल्टचा टॉर्क तपासा. नवे बोल्ट पहिल्या तासात किंचित बसतात.