हस्तकलेचा पसारा परातीतच राहू द्यावा

घरात चार ते आठ वर्षांच्या मुली असल्या की कार्डपेपरचे कपटे, टिकल्या, लोकरीचे तुकडे आणि मणी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतात. अशा वेळी हस्तकला बंद करण्याऐवजी तिला ठरलेली जागा द्यावी. प्रत्येक मुलीला उभ्या काठाची एक जुनी परात द्यावी आणि कापणे, चिकटवणे, ओवणे हे सारे त्या परातीतच करायचे, एवढा एकच नियम ठेवावा. काठामुळे मणी घरंगळत नाहीत. शिवाय जेवणाची वेळ झाली की अर्धवट काम जसेच्या तसे उचलून कपाटावर ठेवता येते. हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मनापासून मांडलेला डाव मोडावा लागणार म्हटले की मुली आवरायला तयार होत नाहीत, आणि ते स्वाभाविकच आहे.

सांडलेली चमकी केरसुणीने झाडू नये, कारण ती आणखी पसरते. घट्ट मळलेल्या कणकेचा छोटा गोळा फरशीवर दाबत फिरवला की चमकी त्याला चिकटून येते; हे काम मुली आनंदाने करतात. तो गोळा मात्र नंतर कचऱ्यातच टाकावा, पक्ष्यांना घालू नये. कपड्यावर सांडलेला पांढरा डिंक ओला असतानाच पाण्याने धुवावा. वाळला असल्यास कोमट पाण्यात भिजवून मऊ झाल्यावर चोळावा. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल, तर मणी आणि टिकल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, त्याचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवाव्यात.