चर्चच्या शाळेची सिक्स्थ फॉर्म: दोन वर्षांत मुलांना स्वतःचं स्वतः करायला कसं शिकवायचं

इंग्लंडमधल्या मराठी आईबाबांसाठी लिहितेय, ज्यांचं मूल आत्ता इयर ११ ला आहे आणि घराजवळची चांगली सिक्स्थ फॉर्म (इयर १२-१३, म्हणजे आपली अकरावी-बारावी) नेमकी कॅथलिक नाहीतर चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळेची आहे. आमच्या लेकीने अशाच एका कॅथलिक शाळेत इयर १२-१३ केलं. आपल्या डोक्यात अकरावी-बारावी म्हणजे क्लास, टेस्ट सिरीज, घरात टीव्ही बंद आणि आई दुधाचा कप घेऊन दारात उभी. इथे तसं करून कदाचित ग्रेड येतील, पण अठराव्या वर्षी मूल सामान घेऊन दुसऱ्या गावी राहायला जातं, आणि तिथे डॉक्टरला फोन कोण करणार?

आधी धर्माचा प्रश्न, कारण सगळे तोच विचारतात. ख्रिश्चन नसलेल्या मुलांनाही प्रवेश मिळतो, बऱ्याच ठिकाणी बाहेरून येणाऱ्यांना जीसीएसईच्या (इयर ११ च्या शेवटच्या परीक्षेच्या) ग्रेडवर घेतात आणि जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की मग धर्माचा प्राधान्यक्रम लागतो, त्यामुळे शाळेची अ‍ॅडमिशन पॉलिसी शेवटपर्यंत वाचा. कॅथलिक सिक्स्थ फॉर्ममध्ये आरई (धर्मशिक्षणाचा तास) चालूच राहतं, बिशप लोकांची अपेक्षा शिकवण्याच्या वेळेच्या ५ टक्के अशी आहे, पण ते बायबल पाठ करणं नसतं, युद्ध, गर्भपात, इच्छामरण असल्या विषयांवर मुलं तावातावाने भांडतात. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत सिक्स्थ फॉर्मच्या मुलांना सामूहिक प्रार्थनेला न बसण्याचा हक्क स्वतःचा असतो, आईबाबांची सही लागत नाही. हा निर्णय मुलाला घेऊ द्या, खरंच. आमची लेक दोन्ही वर्षं बसली, मान खाली घालून शांत, आणि घरी येऊन देवापुढे दिवाही लावायची.

ओपन इव्हनिंगला हेडटीचरचं भाषण ऐका पण जास्त वेळ तुम्हाला शाळा दाखवणाऱ्या इयर १३ च्या मुलाशी बोला. फ्री पिरियडला कुठे बसता, युकासचा (युनिव्हर्सिटीच्या अर्जाचा) रेफरन्स कोण लिहितं, लहान वर्गांसाठी तुम्ही काय काम करता, घरी काही वाईट घडलं तर कोणाकडे जाता. या शेवटच्या प्रश्नाला चॅप्लनचं (शाळेच्या धर्मसेवकाचं) नाव पटकन आलं तर समजा तिथे मुलांकडे बघणारं कोणीतरी आहे.

आता फ्री पिरियड. तीन विषय असल्यामुळे टाइमटेबलमध्ये बरेच चौकोन रिकामे दिसतात आणि आपला हात लगेच ट्यूशनकडे जातो. थांबा. पहिले दोन महिने वेळ वाया जाणार, कॉमन रूममध्ये गप्पा होणार, एखादी टेस्ट खराब जाणार. आमच्याकडे ऑक्टोबरात केमिस्ट्रीत डी आला, मी रडवेली झाले होते, पण शाळेतल्या ट्यूटरने मला नाही, तिला बसवून विचारलं की मागच्या आठवड्यातला प्रत्येक रिकामा तास कुठे गेला ते लिही. तिने लिहिलं, आणि पुढचा आठवडा तिनेच आखला. टीचरला ईमेल करायचा असेल तर मुलालाच करू द्या, हवं तर आधी वाचून बघा पण दुरुस्त करू नका.

चर्चच्या शाळेत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते सेवेचं काम, कारण ते शोभेपुरतं नसतं, त्यात खरी जबाबदारी येते. इयर ७ च्या एखाद्या कच्च्या वाचणाऱ्या मुलासोबत आठवड्यातून एकदा बसून वाचायचं, तो यायचा कंटाळा करतो तरी आपण जायचं. हार्वेस्टच्या (चर्चच्या सुगीच्या सणाच्या) वेळी फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेसाठी, खाण्याचे बंद डबे गोळा होऊ लागले तेव्हा चॅप्लनने लेकीला सांगितलं की आधी फोन करून विचार त्यांना काय कमी पडतंय. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली, हातात कागद, त्यावर पहिलं वाक्य लिहिलेलं, हॅलो मी अमुक शाळेतून बोलतेय, आणि दहा मिनिटं फोन लावायची हिंमतच होईना. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि जीभ दाताखाली धरून गप्प राहिले. शेवटी तिने लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या बीन्स ढिगाने आहेत, टिकाऊ दूध आणि पुरुषांचं शेव्हिंगचं सामान हवंय. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तिने प्रत्येक डबा उलटा करून तारीख बघितली, जुने बाजूला काढले, आणि असेंब्लीत उभं राहून दूध आणा असं सांगितलं.

शाळेत ईपीक्यू, म्हणजे स्वतःच्या आवडीच्या विषयावरचा मोठा प्रोजेक्ट, असेल तर घ्यायला सांगा. अर्ध्या ए लेव्हलइतकं (सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी द्यायच्या परीक्षेतल्या अर्ध्या विषयाइतकं) वजन असतं, विषय स्वतः निवडायचा, साधारण ५००० शब्दांचा रिपोर्ट, कामाची नोंदवही आणि शेवटी सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन. लेकीने हॅकनीच्या आयाज होमवर केलं, साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीने आलेल्या आणि इथे कामावरून काढल्यावर अडकलेल्या हिंदुस्थानी बायका तिथे राहायच्या. ते घर लंडन सिटी मिशन चालवायचं, २०२२ साली त्यावर निळी पाटी लागली. म्हणजे ख्रिश्चन संस्थेचं काम आणि आपल्या बायकांचा इतिहास एकाच विषयात आला, आणि तिला चांगलं आणि खटकणारं दोन्ही लिहावं लागलं.

शाळा सगळं करत नाही, कागदपत्रं घरीच बघायची. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेतलेलं असेल तर सोळाव्या वाढदिवसाच्या आधी एनआय नंबरचं (नोकरीसाठी लागणाऱ्या नॅशनल इन्शुरन्स नंबरचं) पत्र आपोआप येतं, पण व्हिसावर असल्यामुळे ते घेतलंच नसेल तर नोकरी शोधताना अर्ज करावा लागतो. युनिव्हर्सिटीची होम फी (इथल्या मुलांसाठीची कमी फी) आणि स्टुडंट लोन हे इमिग्रेशन स्टेटसवर आणि सहसा तीन वर्षांच्या वास्तव्यावर ठरतं, त्यामुळे हा हिशोब इयर १२ मध्येच मुलाला सोबत घेऊन करा, लपवू नका. आणि भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला मतदान करता येतं, नाव नोंदवायला त्यालाच बसवा.

युकासचं पर्सनल स्टेटमेंट २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलंय, एकूण ४००० कॅरेक्टर. मेडिसिन किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे उन्हाळ्यातच कच्चं लिहून व्हायला हवं. तुम्ही लिहून देऊ नका, वाचणाऱ्याला पन्नाशीची भाषा लगेच कळते. वाचन घेतलेला इयर ७ चा मुलगा, फूड बँकेचा फोन, हे सगळं तिथे कामी येतं.

ऑगस्टमध्ये रिझल्टच्या दिवशी ग्रेड कमी पडले तर क्लिअरिंगला, म्हणजे उरलेल्या जागांसाठी, फोन करावा लागतो आणि युनिव्हर्सिटीला मुलाशीच बोलायचं असतं, आईबाबांशी नाही. आमच्याकडे एका विषयात ग्रेड घसरला. सकाळी साडेआठला लेक पुन्हा त्याच तिसऱ्या पायरीवर बसली, कागद होता पण त्यावर फक्त युकास नंबर लिहिलेला, आणि तिने माझ्याकडे न बघता फोन लावला.