प्रवाळांच्या टाकीसाठी दिवा कसा निवडावा: मेटल हॅलाइड, टी५ आणि एलईडी यांची तुलना

प्रवाळांच्या टाकीसाठी दिवा घेताना बहुतेक जण खोक्यावर छापलेले वॅट पाहतात आणि तिथेच फसतात. वॅटवरून दिवा किती वीज घेतो एवढेच कळते. प्रवाळाच्या उतींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहतात, ती प्रकाशसंश्लेषणातून अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. त्यामुळे प्रवाळ ज्या खडकावर बसणार आहे त्या जागी किती प्रकाश पोहोचतो, यावरच दिव्यांची तुलना करावी. हा प्रकाश पीएआर या मापाने मोजतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, हे त्यातून कळते; त्याचे एकक मायक्रोमोल आहे.

सर्वांत आधी कोणती प्रवाळे ठेवायची ते ठरवावे. मशरूम नावाच्या आणि इतर बहुतेक मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १०० पीएआर पुरतो. युफिलियासारख्या मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतला एकेक छोटा जीव) कठीण प्रवाळांना ८० ते १५० आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांना २०० ते ३५० मिळेल असे पाहावे. हे आकडे ढोबळ आहेत, तरी दिशा दाखवायला पुरेसे आहेत. त्यानंतर पाण्याच्या पृष्ठभागापासून खडकाच्या माथ्यापर्यंतचे आणि वाळूपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे, कारण उथळ टाकीत उत्तम ठरलेला दिवा खोल टाकीच्या तळाशी अपुरा पडू शकतो.

आता दिव्यांचे प्रकार पाहू. मेटल हॅलाइड म्हणजे धातूच्या क्षारांच्या वाफेतून प्रकाश देणारा प्रखर बल्ब. त्याचा प्रकाश एकाच तेजस्वी बिंदूतून येतो, त्यामुळे तो खोलवर जातो आणि वाळूवर हलणाऱ्या प्रकाशरेषांची जाळी उमटते. उथळ समुद्रात दिसते तशीच ही जाळी असते आणि माझ्या मते टाकीतले इतके देखणे दृश्य दुसरे नाही. मात्र हा दिवा पाण्यावर भरपूर उष्णता टाकतो, वीज जास्त घेतो, सहज मंद करता येत नाही आणि एकदा विझला की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या आत राखणे आधीच कठीण जात असेल, तर हा पर्याय सोडून द्यावा. दोन्ही टोकांना जोडणी असलेला बल्ब संरक्षक काचेशिवाय कधीही लावू नये. त्यातून निघणारी अतिनील किरणे प्रवाळांना भाजून काढतात.

टी५ म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाची फ्लुरोसंट नळी. तिचा प्रकाश टाकीच्या लांबीभर सारखा पसरतो आणि फांद्यांच्या खालच्या बाजूलाही सावली दाट पडत नाही. प्रत्येक नळीला स्वतंत्र रिफ्लेक्टर असलेलाच संच घ्यावा. नळी डोळ्यांना उजळ दिसत असली तरी तिचा प्रकाश हळूहळू घटतो, त्यामुळे साधारण ९ ते १२ महिन्यांनी ती बदलावी लागते. शिवाय नळीत पारा असतो, म्हणून जुनी नळी घरच्या कचऱ्यात टाकू नये.

एलईडी वीज कमी घेतो, वर्षानुवर्षे टिकतो, त्याची बरीचशी उष्णता वरच्या बाजूने हवेत जाते आणि निळा व पांढरा प्रकाश वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. नवशिक्यासाठी मी हाच सुचवेन, पण त्याची एक खोड ठाऊक असावी. टाकीच्या मधोमध एकच एलईडी टांगला असेल, तर अ‍ॅक्रोपोराच्या फांदीकडे जवळून पाहावे: वरची बाजू रंगदार दिसते आणि सावलीतली बाजू तपकिरी पडत जाते. यावर एका प्रखर दिव्याऐवजी दोन सौम्य दिवे लावावेत किंवा एलईडीला दोन टी५ नळ्यांची जोड द्यावी.

दिवा बसवल्यावर मोजणी करावी. मोबाइलवरचे लक्स मोजणारे अ‍ॅप इथे उपयोगाचे नाही, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनलेले आहे. त्यात हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक वजन असते आणि प्रवाळांना हवा असलेला निळा प्रकाश फार कमी धरला जातो. पाण्यात बुडवता येणारा पीएआर मीटर कोणाकडून एका दिवसासाठी मिळाला तरी चालेल. कागदावर टाकीचा आराखडा काढावा, माथा, मध्य आणि तळ अशा तीन पातळ्यांवर डावीकडे, मधोमध आणि उजवीकडे मोजावे आणि प्रत्येक आकडा त्याच्या जागी लिहावा. लाटांमुळे आकडा सतत हलतो, म्हणून काही क्षण थांबून सरासरी धरावी. तीनही प्रकारांतला कोणताही दिवा असो, हा कागद हातात आला की कोणते प्रवाळ कुठे ठेवायचे ते लगेच कळते.

नव्या दिव्याखाली घाई मात्र करू नये. प्रकाश एकदम वाढला तर प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकते आणि पांढरे पडते. प्रकाश कमी पडला तर बहुधा तपकिरी होते, पण यातून ते सावरण्याची शक्यता जास्त असते. म्हणून एलईडी निम्म्या तीव्रतेवर सुरू करून चार ते सहा आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि टायमरने रोज ८ ते १० तासच चालू ठेवावा. जुनी टी५ नळी किंवा हॅलाइड बल्ब बदलल्यावरही हीच काळजी घ्यावी: पहिले काही दिवस वेळ कमी ठेवावी किंवा दिवा थोडा उंच टांगावा.