मक्याचे वाण दाटीचे की विरळ पेरणीचे? शेतातच पारख करा

पिशवीवरचे जाडजूड कणीस पाहून बियाणे घेऊ नका. एकरी उतारा म्हणजे कणसांची संख्या, कणसावरचे दाणे आणि दाण्याचे वजन यांचा गुणाकार. जागा मिळाली की काही संकरित वाणांचे कणीस लांबते, काहींचे फारसे बदलत नाही. पहिल्यात नांग्या (रोप न उगवलेल्या मोकळ्या जागा) पडल्या तरी थोडेफार भरून निघते, दुसऱ्यात रोपे पुरी हवीतच.

60 सेंमीच्या ओळींत 15 सेंमीवर टोकण करा. 12-15 दिवसांनी विरळणी करून 15, सरासरी 20 (दर चौथे रोप काढून) आणि 30 सेंमीचे (एकाआड एक रोप काढून) तीन पट्टे ठेवा, म्हणजे एकरी साधारण 45, 34 आणि साडेबावीस हजार झाडे. जमीन, खत, पाणी सारखेच. बांधालगतच्या ओळी मोजू नका, तिथे ऊन जास्त मिळते.

काढणीला प्रत्येक पट्ट्यात ओळीची 6.75 मीटर लांबी आखा. हा एकराचा हजारावा भाग. त्यातली कणसे मोजा. दर पाचवे कणीस सोलून दाण्यांच्या ओळी आणि एका ओळीतले दाणे मोजा, चांगली निवडत बसू नका. 28 कणसे × 14 ओळी × 30 दाणे × 0.25 ग्रॅम (वाळलेला दाणा) = 2.94 किलो, म्हणजे एकरी 29.4 क्विंटल.

30 सेंमीच्या विरळ पट्ट्याचा उतारा 20 सेंमीच्या पट्ट्याच्या जवळपास आला तर वाण लवचीक: हलक्या, कोरडवाहू रानात ते विरळ घ्या. 15 सेंमीत वांझ (कणीस न धरणारी) झाडे वाढली तर दाटी सोसत नाही.

फरक शोधायचा तो ओळीतल्या दाण्यांत. कणसावरच्या ओळींची संख्या सात-आठ पानांच्या सुमारास ठरून जाते आणि नेहमी समच असते. दाणे किती टिकतात ते कणसाला केस (परागकण झेलणारे धागे) येण्याच्या आगेमागे दोन आठवड्यांत ठरते. तेव्हा पाण्याचा ताण पडला तर तुरा (शेंड्यावरचा परागकण देणारा नर फुलोरा) आधी येतो, केस मागे राहतात आणि परागकण वाया जातात.

कणसाचा शेंडा रिकामा दिसला की नखाने खरवडून बघा. दाण्याचा मागमूसच नसेल तर परागीकरण हुकले, कारण शेंड्याचे केस सर्वांत शेवटी बाहेर येतात. बारीक, पांढरे, सुकलेले दाणे असतील तर फळधारणा झाली होती, नंतर पाणी, नत्र किंवा ऊन कमी पडले. अशा वेळी दोष वाणाला देण्याआधी पाण्याच्या पाळ्यांच्या तारखा तपासा.